पाचवा खण

प्रिय बाबा,

आज सकाळी शाळेची झाडलोट चालू असताना पाटलांचा गडी दारात येऊन सांगून गेला, "येत्या ऐतवारी साकव घालायचा हाय, बाई. तुमचं सोमवारी का काय त्ये तुमी बघा." एवढं बोलून तो पुढच्या घरी गेलासुद्धा. मी केरसुणी हातात घेऊन तशीच उभी. तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. इतक्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही तुम्हाला. आज लिहिते आहे, कारण जे सांगायचंय ते ऐकायला या खोऱ्यात आपल्या घरचं दुसरं माणूसच नाही. आणि खरं सांगू? मला राग आलाय. माझा स्वतःचा तर आलाच आहे, थोडा तुमचाही आलाय. ऐकून घ्या.

साकव तुम्हाला काय सांगायचा! ओढ्यावर सात खण, सात घरांचे. मृगाच्या आत ज्यानं त्यानं आपापल्या खणाचे वासे बदलायचे, त्यावर कारवी अंथरायची, वाखाच्या दोरीनं आवळायची. दुसऱ्याच्या खणाला कुणी हात लावायचा नाही. मोडला तर ज्याचा खण त्याला गावानं विचारायचं. पहिली आठ-नऊ वर्षं आपल्याला खण नव्हता. मिशनच्या उपदेशकाला कसला खण? आपण दुसऱ्यांच्या खणांवरून जायचो, पाहुण्यासारखे. मग म्हातारे भिवाआण्णा वारले, त्यांच्यामागे कुणी उरलं नाही, आणि पाटील आपल्या ओट्यावर येऊन म्हणाले, "पाचवा खण तुमचा, मास्तर." त्या दिवशी तुम्ही वर्गात पाढे सोडून पोरांकडून गाणी म्हणवून घेतलीत. आई तेव्हा हवी होती, असंही म्हणालात. मला वाटलं होतं, आता आपण इथले झालो.

पण साकव घालायचा दिवस रविवार! पुण्याला कामाला गेलेली माणसं त्याच दिवशी घरी येतात, त्याला कोण काय करणार? तुम्ही हात जोडून सांगितलंत, "रविवारी आम्हाला काम चालत नाही. मी सोमवारी माझा खण बांधीन." लोक हसले, पण कबूल झाले. तेव्हापासून दरवर्षी सहा खण रविवारी आणि आपला एकटा सोमवारी. मी दोरीचं टोक धरायची, तुम्ही गाठ आवळायचात. पाटील एकदा मदतीला उतरले तर त्यांनाही तुम्ही परत पाठवलंत. "नको, आमचा आम्ही करू." किती अभिमानानं सांगायचे मी हे शाळेत!

बाबा, हे मी तुम्ही असताना विचारायला हवं होतं. प्रभूनं शब्बाथ दिवशी आजारी माणसं बरी केली, लोकांची बोलणी खाल्ली, आणि आपल्याला सहा घरांबरोबर बसून चार वासे बांधता येत नव्हते? उपासना तर आपली दोघांची. तासाभरात उरकायची. की तुम्हाला त्या माणसांत बसून काम करायचा संकोच वाटायचा? रागावू नका. मी खरंच विचारते आहे.

तुम्ही नाताळाच्या आधी गेलात. शाळा मिशननं माझ्याकडे दिली. आणि मे महिना आला, साकवाचा रविवार झाला, सोमवारही झाला. मी गेले नाही.

का नाही गेले? माझ्याजवळ कारणं भरपूर होती. एकटी बाईमाणूस. वासे कोण तोडून आणणार? तुम्ही शेवटच्या दिवाळीत अंगणात बसून वळलेली दोरी स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला होती, पण ती तुमच्या हातची, ती ओढ्यात भिजवायची कशी? मग मी काय केलं तर पाद्रीसाहेबांना पुण्याला पत्र लिहिलं. त्यांनी उलट टपाली कळवलं की आम्ही प्रार्थना करत आहोत. वरच्या ऑफिसात पक्क्या पुलासाठी अर्ज केला. एक साहेब जीपनं येऊन फीत लावून ओढा मोजून गेले. रोज संध्याकाळी गुडघे टेकून म्हणायची, प्रभू, त्या खणाचं काहीतरी कर. दोरी दहा पावलांवर लटकत होती, आणि मी देवाला सांगत होते काहीतरी कर!

गावानंही हात लावला नाही. "मास्तरांचा खण, कसा हात लावायचा?" असं म्हणून त्यांनी जुने वासे तसेच राहू दिले. तुमचा मान राखला म्हणे त्यांनी. माझ्याशी बोलताना सगळ्यांचं एकच. "तुमी तरी काय करनार, बाई?" पाटील म्हणाले, त्यांची बायको म्हणाली, गिरणीवाला म्हणाला. आणि मला ते किती बरं वाटायचं! थंडीत शेकोटीजवळ बसल्यासारखं. मी तरी काय करणार! खरंच, मी तरी काय करणार!

आता जे लिहिणार आहे ते मी आज दुपारपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं.

ज्येष्ठाच्या शेवटी मी स्वतः त्या खणावरून येत होते. मधला वासा पायाखाली कडकन वाजला. वाकून पाहिलं तर हातभर चीर गेलेली. दुसऱ्या दिवसापासून मी त्या खणावर पाय ठेवला नाही. पाणी कमी असेल तेव्हा खालच्या उतारानं पाण्यातून जायची. पलीकडून येणाऱ्या शाळेच्या चार पोरांनाही बजावलं, "साकवावरून यायचं नाही. उतारानं या, पाणी चढलं तर घरीच राहा." आणि गावात कुणाला काही बोलले नाही. एका घरालाही नाही, बाबा. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग अजून बांधला का नाहीस? तो प्रश्न मला नको होता. म्हणून पोरांना वाचवलं आणि मोठ्यांना मोकळं सोडलं.

आषाढात धोंडामावशी भाताच्या रोपांचा भारा डोक्यावर घेऊन पलीकडच्या खाचराकडे निघाली. तिचा चौथा खण ओलांडून आपल्या खणावर आली आणि मधला वासा गेला. वर्गात मला आवाज आला. मी धावले तेव्हा ती खाली दगडांत पडली होती आणि रोपं पाण्यावरून वाहत चालली होती. मांडीचं हाड मोडलं होतं. कोळवणपर्यंत झोळीतून नेली, तिथून मिळाली त्या गाडीनं पुण्याला. ती परत आली तोवर भातं पोटरीला आली होती. लोकांनी तिचं अर्धं खाचर लावून दिलं, अर्धं तसंच पडून राहिलं. आता ती काठीशिवाय चालत नाही. आणि खण मोडला म्हणून गावानं मला विचारलंही नाही, तेव्हाही "तुमी तरी काय करनार, बाई?"

ही धोंडामावशी, बाबा! मला ताप आला की आधी हिची पेज यायची आणि मग तुमचं औषध. मुलगी मुठ्याला दिलेली, घरात एकटी. आणि तिचा खण कोण बांधायचं ठाऊक आहे ना? ती स्वतः. नऊवारीचा काचा मारून, दातात दोरी धरून. माझ्या खणाला लागून असलेला खण एका बाईनंच बांधलेला होता, आणि मी बाईमाणूस म्हणून घरात बसले होते! हे मला तेव्हा दिसलं नाही का? दिसलं. न दिसायला काय झालं?

त्या तळ्याकाठच्या आजारी माणसाची गोष्ट तुम्ही किती रंगवून सांगायचात. अडतीस वर्षं पडून राहिलेला. प्रभू विचारतो, तुला बरं व्हायचंय का? तर हा हो म्हणायचं सोडून गाऱ्हाणं सांगतो की मला पाण्यात उतरवायला कुणी नाही. तुम्ही त्याचा रडका आवाज काढायचात, पोरं खो खो हसायची. मीही हसायची. गेलं वर्षभर तो आवाज माझा होता हे मला कळलं नाही.

मावशी खाटेवर असताना मी रोज तिच्याकडे जायची. पेज न्यायची, पाय चेपायची, तिच्यासाठी प्रार्थना करायची. तिच्यासाठी देवाकडे सगळं मागितलं, फक्त तिच्याकडे माफी मागितली नाही. दर रविवारी एकटीच बसून पापांगीकार म्हणायची. त्यात सगळं असतं, विचारानं, शब्दानं, कृतीनं. घडघड म्हणून टाकायची. त्यात वासा होता का? चीर होती का? मोघम बोललं की सोपं जातं.

तर आज पाटलांचा गडी सांगून गेला आणि माझ्यानं वर्गात बसवेना. पोरांना शुद्धलेखन घातलं आणि तशीच मावशीकडे गेले. ती ओट्यावर पाय लांब करून तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "मावशी, वासा चिरला होता ते मला आठ दिवस आधी माहीत होतं."

तिनं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "मला ठावं हाय."

"कसं?"

"तुजी शाळेतली पोरं मला बघाय आली व्हती तवा बोलली. बाईंनी आमाला सांगितलं व्हतं, त्या खणावरनं येऊ नगा म्हून."

बाबा, इतके महिने! इतके महिने तिला माहीत होतं, आणि ती माझ्या हातची पेज खात होती, मी डोळे मिटून प्रार्थना करत असताना गप्प बसत होती. मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस? शिव्या का नाही दिल्यास?"

"म्या कशापायी बोलू? बोलायचं तुजं व्हतं. रोज वाटायचं, आज बोलंल. तू आपली देवालाच सांगतीस!"

मी रडायला लागले. तेव्हा मात्र तिनं सूप बाजूला ठेवलं आणि खेकसली, "रडू नगंस. रडून माजा पाय सरळ व्हनार हाय व्हय? येवढंच सांग, गेल्या साली वासं तोडाय मला हाक का न्हाई मारलीस? मी आली असती की. दोगी मिळून दोन खण झालं असतं दुपारच्याला."

याचं उत्तर तुमच्याकडे आहे? तुम्ही मला गाठ बांधायला शिकवलंत, पण कुणाला हाक मारायला शिकवलं नाहीत. आमचा आम्ही करू, म्हणायचात. देवासमोर गुडघे टेकायचे आणि माणसांकडे काही मागायचं नाही, हे मी तुमच्याकडून शिकले. आणि मग 'आमचा आम्ही' करायची वेळ आली तेव्हा केलंही नाही! पण तुमच्यावर किती ढकलू? गुडघे माझे होते, दोरी माझ्या घरात होती, चीर मी पाहिली होती. तुम्ही तेव्हा मातीत होतात. तुमच्यावर रागावून झालं, आता तो राग इथेच ठेवते.

निघताना मावशी म्हणाली, "ऐतवारी माजा खण कोन बांदनार? या पायानं मला खाली बसवत न्हाई."

मी म्हटलं, "दुसऱ्यानं हात लावायचा नसतो ना?"

"मी वर बसून सांगनार, तू बांदनार. हात तुजा, खण माजा. पाटील काय बोलला तर मी बगते. येतीस का न्हाई, त्ये सांग. का तुजं सोमवारी?"

"येते," म्हटलं.

तर बाबा, असं आहे. रविवारी उजाडल्याबरोबर मी उपासना करणार, एकटी असले तरी घंटा वाजवून. मग कोयता आणि तुमची ती दोरी घेऊन ओढ्यावर जाणार. ती ओली होईल, चिखलात मळेल, माझा इलाज नाही. तिथं सगळी सात घरं असतील, पुण्याहून आलेली माणसंही असतील. वाशाला हात लावायच्या आधी मी त्यांच्यासमोर उभी राहून सांगणार की मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. कुणीतरी म्हणेलच, "जाऊ द्या बाई, तुमी तरी काय करनार?" त्याला मी सांगेन, काय काय करता आलं असतं ते. एकेक करून, न रडता. त्यावर त्यांनी आपला खण काढून घेतला तर? तो काढून घ्यायचा त्यांना हक्क आहे. तुम्हाला किती वर्षांनी मिळाला होता तो, आणि माझ्यामुळे एका वर्षात जाईल. तरी सांगणार. आधी मावशीचा चौथा बांधणार, आणि दिला तर मग पाचवा. यंदा मावशीच्या पडीक खाचरात लावणीला शाळा सुटल्यावर रोज जाणार, हेही तिला सांगून आले आहे.

आणि पाचवा खण राहिला आपल्याकडे, तर त्यावरून पहिली मी जाणार. मधोमध उभी राहून, सगळ्यांच्या देखत, दोन्ही पायांनी जोर देऊन पाहणार. माझ्याखाली टिकला तरच मावशीला त्यावर पाऊल टाकू देईन. हे तुम्हाला वचन देते, आणि तुमच्या आधी तिला दिलं आहे.

तुमची,
शांता