ऐकणाऱ्याने काय विचारलं

७ जानेवारी

दिवसभर प्रयोगशाळेत नळाच्या पाण्याचे नमुने तपासले. सगळे चांगले निघाले. साहेब रजेवर, म्हणून अहवालांवर सह्या मीच केल्या. संध्याकाळी घरी आलो तर दारात हे भलं मोठं खोकं.

पुस्तकं! ग्रंथालयाच्या बालपुस्तक पुरस्काराची, शेवटच्या फेरीतली सहा. तीन परीक्षकांपैकी एक जण दरवर्षी पुस्तकांच्या जगाबाहेरचा घेतात. यंदा मी. अध्यक्षबाई म्हणजे ग्रंथालयाच्या बालविभागातल्या हिच्या, माझ्या बायकोच्या, साहेब. फोनवर नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसलो.

ही गेली त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून या घरात नवीन असं काही आलंच नव्हतं. कात्री सापडेना, तर दोरी दातांनी तोडली.

आई — म्हणजे हिच्या आई, माझ्या सासूबाई — आतल्या दारातून बघत होत्या.

"वाचणार कोण?"

"मी."

"तुम्ही?"

एवढंच म्हणाल्या आणि गोळ्या घ्यायला आत गेल्या. आमचं बोलणं हल्ली इतकंच. गोळ्या घेतल्या का, दूध आलं का, गीझर बंद केला का.

८ जानेवारी

कामावर कुणाला सांगितलं नाही. पण परत येताना उगाच भरभर चालत होतो.

९ जानेवारी

अध्यक्षबाईंनी फोनवर नियम सांगितले. आपलं मत मागाहून. आधी प्रत्येक पुस्तक कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्याने मध्येच कुठे थांबवलं, काय विचारलं, ते टिपून आणायचं. जे पुस्तक वाचून दाखवलं नाही, त्यावर मत देता येत नाही.

"हा नियम कुणी करून घेतला, माहितीये ना?" त्यांनी विचारलं.

माहीत नव्हतं. हिने! सभेत भांडून करून घेतला म्हणे. मुलांची पुस्तकं मोठी माणसं मनातल्या मनात वाचून ठरवतात, हे हिला पटायचं नाही. घरी कधी बोलली नाही. किंवा बोलली असेल आणि मी पेपर वाचत असेन.

आता वाचून दाखवायचं कुणाला? घरात आम्ही दोघंच.

११ जानेवारी

चहाच्या वेळी आईंना विचारलं. भीत भीतच.

"लहान मुलांची पुस्तकं? आणि मला? मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" मग थोड्या वेळाने, "वाचा. नाहीतरी भिंतीकडेच बघत बसलेली असते."

वरचंच उचललं. एक बदक बस डेपोत पहारेकरी म्हणून नोकरीला लागतं, अशी गोष्ट. मी पाण्याचा अहवाल वाचतो तसाच वाचत होतो. दुसऱ्याच पानावर आईंनी हात वर केला.

"थांबा. रात्रपाळी की दिवसपाळी?"

"रात्रपाळी."

"मग बदली कोण? उद्या बदक आजारी पडलं तर?"

"पुढे येत असेल."

"असेल म्हणजे काय? बघा आधी."

पानं उलटून बघितली. नव्हतं.

"काय कारभार आहे! एकट्याच्या जिवावर आख्खा डेपो."

आईंचं सगळं आयुष्य इस्पितळाच्या वॉर्डात गेलं, मोठ्या सिस्टर होत्या. पाळी म्हटलं की अजून कान टवकारतात.

मग बदक मॅनेजरच्या खुर्चीत अंडं घालतं आणि उबवायला बसतं. मॅनेजर भिडस्त. काही न बोलता उभ्याउभ्याने काम करतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, डॉक्टरांनी बसायला मनाई केली आहे म्हणून. इथे मला पुढचं वाक्य वाचताच येईना. हसू. आवरेना. चष्मा काढला तरी आवरेना. आई बघायला लागल्या आणि मग त्यांनाही आलं. खांदे हलत होते नुसते.

मग दोघंही एकदम गप्प झालो. कुणीतरी बघितल्यासारखे.

जरा वेळाने आईच म्हणाल्या, "पुढे?"

१२ जानेवारी

सकाळी दात घासताना तो उभा मॅनेजर आठवला. आरसा पुसावा लागला.

१५ जानेवारी

रोज संध्याकाळी वाचन चालू आहे. आई आधीच येऊन बसलेल्या असतात, चष्मा लावून! ऐकायला चष्मा कशाला, विचारलं नाही.

आज पाण्याच्या शुद्धीकरणावरचं पुस्तक होतं. आमचंच काम, चित्रांसकट! गाळणीच्या टाकीत वाळू वर आणि खडी खाली, अगदी बरोबर काढलंय. मी त्या पानावर इतका रंगलो, की पुस्तक बाजूला ठेवून स्वतःच सांगत सुटलो. क्लोरीन किती घालतात, का घालतात, वास कमी-जास्त का येतो. आई बराच वेळ ऐकत होत्या.

"हे सगळं पुस्तकात आहे?"

"नाही."

"मग पुस्तक वाचा."

एका पुस्तकाला झोपल्या. तेही टिपलं. परी आणि इंद्रधनुष्य, पान आठ.

१८ जानेवारी

सहावं पुस्तक आधी एकट्याने वाचलं. बरं झालं.

एका मुलाची आई जाते. मग आजोबा त्याला रोज काहीतरी दाखवून समजावतात. झाडाचं पान गळतं. नदी समुद्राला मिळते. वारा दिसत नाही पण असतो. चित्रं फारच सुंदर, निळी-करडी. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मुलगा म्हणतो, "आता मला कळलं."

मला आठ महिन्यांत काहीही कळलेलं नाही. गीझर बंद करायला उठतो तेव्हा तो बंदच असतो, कारण चालू करणारी नाही. यात पान कुठे गळलं?

राग आला. पुस्तकावर इतका राग येतो हे माहीत नव्हतं. हे आईंना वाचून दाखवणार नाही. ज्यांची मुलगी गेली त्यांना हे कसं वाचून दाखवायचं?

२१ जानेवारी

पहिली सभा. ग्रंथालयाची वरची खोली, गोल टेबल, खिडकीतून बसथांबा दिसतो. माझ्याबरोबर आणखी दोघं परीक्षक. एक निवृत्त हेडमास्तर. दुसऱ्या चित्रकार, त्यांना आठ वर्षांची मुलगी. अध्यक्षबाई मत देत नाहीत, सभा चालवतात.

आपापला ऐकणारा कोण ते सांगायचं होतं. हेडमास्तरांची, त्यांच्या जुन्या शाळेतली चौथीची आख्खी तुकडी. चित्रकारबाईंची मुलगी. मग मी.

"माझ्या सासूबाई."

"वय?" हेडमास्तरांनी विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर."

चित्रकारबाई पाण्याचा घोट घेत होत्या, त्यांना ठसका लागला. हेडमास्तर म्हणाले, "अहो, बालपुस्तकं आहेत ही! ऐकणारा म्हणजे मूल, हे गृहीतच नाही का?" माझे कान तापले. मला खरंच सुचलं नव्हतं. शेजारी दोन मुलं आहेत, जिन्यात रोज भेटतात! अध्यक्षबाईंनी नियम काढून वाचला. 'कुणाला तरी', एवढंच आहे. वय लिहिलेलं नाही. मग त्यांनी माझं टिपण मागितलं आणि 'मग बदली कोण?' मोठ्याने वाचलं. हेडमास्तर आधी हसले नाहीत. मग हसले.

"आमच्या एकाही पोराने हे विचारलं नाही," म्हणाले.

शेवटी दोनच पुस्तकं उरली. बदक आणि आईवालं. हेडमास्तर आईवाल्याच्या बाजूने. "वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. चाळीस पोरं, एक हूं नाही की चूं नाही." चित्रकारबाईंनी दोन्हींना सारखेच गुण दिले होते. म्हणजे सगळं माझ्यावर आलं. जिंकलेलं पुस्तक सगळ्या शाळांत जातं.

हेडमास्तर माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला तर ते भिडलंच असेल."

मी कधी सभेत बोलत नाही. आज बोललो. म्हटलं, "नाही. असं नसतं. असं कुणाला कळत नाही."

मग अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुमच्या सासूबाई काय म्हणाल्या?"

"त्यांना वाचून दाखवलं नाही."

"मग मत देता येणार नाही."

"दुसऱ्या कुणाला—"

"दाखवा. मुलाला दाखवा, शेजाऱ्याला दाखवा. पण वाचून दाखवा. शुक्रवारी परत बसू." निघताना जिन्यात म्हणाल्या, "ती असती तर तिनेही नसतं चालवून घेतलं."

'ती असती तर' हे मला पाठ झालं आहे आता.

२२ जानेवारी

शेजारच्या मुलांना वाचून दाखवणार होतो. पुस्तक काखेत धरून निघालो, तर आई कोचावर बसलेल्या. चष्मा लावून.

"कुठे निघालात? आज नाही का?"

"आजचं जरा वेगळं आहे."

"कशाचं आहे?"

"एका मुलाची आई जाते."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बसा," म्हणाल्या.

वाचलं. आवाज नीट राहिला. आई शाळेच्या वेळात जाते, मुलगा तेव्हा वर्गात गणितं सोडवत असतो, असं एक पान आहे. ते मी भरभर वाचलं. ही गेली तेव्हा आई घरी होत्या. आज रात्री काही नाही, जाऊन झोपा, असं त्यांना डॉक्टरांनीच सांगितलं होतं. इस्पितळात हिच्याजवळ मी एकटा. सकाळी मी घरी येऊन सांगितलं. त्यांनी त्यावर काही विचारलं नाही, मीही आपणहून काही बोललो नाही. कधीच.

पान, नदी, वारा, सगळं वाचून झालं. आईंनी एकदाही हात वर केला नाही.

"काही विचारायचंय?"

"नाही."

"काहीच?"

"सगळं सांगितलंय की त्या आजोबांनी. विचारायला ठेवलंय काय?"

आणि उठून दूध तापवायला गेल्या.

सुटलो! खरंच, इतकं हलकं वाटलं. पुस्तक तर पडलंच, आणि आईंनाही काही झालं नाही.

२४ जानेवारी

जिंकलो! म्हणजे बदक जिंकलं!

सभेत सांगितलं, वाचून दाखवलं, एकही प्रश्न आला नाही. आणि आईंचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, शांतता म्हणजे परिणाम. मी म्हटलं, आमच्या घरात आठ महिने शांतता आहे. गप्प बसणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. एवढं लांब मी कधी बोललो असेन, आठवत नाही.

चित्रकारबाई टिपण चाळत बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या मुलीनेही काही विचारलं नाही. मला वाटलं, मनाला लागलंय. पण बदकाच्या वेळी तिने प्रश्न विचारून विचारून मला जेवू दिलं नव्हतं." आणि त्यांनी आपले गुण बदलले. हेडमास्तरांनी हात हवेत उडवला. "घ्या तुमचं बदक!" पण चेहरा रागाचा नव्हता. चहाच्या वेळी मला म्हणाले, पुढच्या वर्षी सासूबाईंनाच बोलवू, तुम्ही घरी बसा.

सह्या झाल्या. येताना एक स्टॉप आधी उतरून चालत आलो.

आईंना सांगितलं. "बदली ठेवायला सांगा त्यांना," म्हणाल्या. पण खूश होत्या.

२६ जानेवारी

सुट्टी. सकाळी चहा घेत होतो. आई कपाकडे बघत म्हणाल्या, "तो मुलगा शाळेत होता ना तेव्हा. एवढं झाड दाखवलं, नदी दाखवली. पण शेवटी त्याची आई काय म्हणाली, ते त्याला कुणीच सांगितलं नाही."

मी कप खाली ठेवला.

"ती काय म्हणाली?" आईंनी विचारलं. हिच्याबद्दल.

सांगितलं. म्हणाली होती, आईला फोन करू नका. दमलीये. झोपू द्या तिला.

आईंनी कप बाजूला सरकवला.

"वेडी," म्हणाल्या. "मी जागीच होते."

मग भिंतीला धरून धरून त्यांच्या खोलीत गेल्या. दार लावलं नाही.

त्या पुस्तकाने काहीच विचारायला लावलं नाही, असं मी सभेत सांगून आलो. प्रश्न होता. यायला वेळ लागला. अध्यक्षबाईंना फोन केला. निकाल काल संध्याकाळीच छापायला गेला. म्हटलं, सहाव्या पुस्तकाला एक प्रश्न आला होता, माझ्याकडून राहिला. कोणता, म्हणाल्या. सांगता आलं नाही. एक आला होता, एवढं लिहून ठेवा म्हटलं. त्यांनी लिहिलं.

आईंचा चहा तसाच होता, गार झालेला. तो ओतून दिला. दोन्ही कप विसळून पालथे घातले.