खारू दुपारी झोपत नाही

दि. २ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी सुखरूप पोचले. वसतिगृहातली खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खाटा, दोन टेबलं आणि दोघींत मिळून एक कपाट. त्याचं दार लावलं की उघडत नाही आणि उघडलं की लागत नाही. खोलीतली मुलगी एकोणीस वर्षांची आहे. मी सत्तावीस वर्षांची आणि एका मुलीची आई, हे कळल्यापासून ती मला अहो-जाहो करते आणि पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नाही. बालशिक्षणाच्या वर्गात सगळ्यांत थोरली मीच. पहिल्या तासाला सरांनी विचारलं की चार वर्षांच्या मुलाबरोबर घरात कोण राहिलंय. माझा हात वर गेला आणि वरच राहिला. सरांना वाटलं, मी नुसतीच आळस देतेय.

ताई, आता खरं सांग. खारू उठल्यावर किती रडली? तू म्हणालीस तसंच केलं, ती दुपारची झोपल्यावर चपला हातात घेऊन निघाले. पण झोपेत तिनं माझा कान धरून ठेवला होता. एकेक बोट सोडवताना मला घाम फुटला. बसमध्ये सबंध रस्ता तोच कान चोळत बसले होते. तिला झोपताना कुणाचा तरी कान लागतो, विसरू नकोस. भाऊजींचा चालेल, चांगला ऐसपैस आहे.

आणि झोपण्याआधी तोंड उघडायला लावून बघ. गालात घास तसाच धरून ठेवते, खारू म्हणतो ते उगाच नाही.

हे गेल्याला दीड वर्ष झालं. तेव्हा तुम्ही दोघांनी आम्हाला घरात घेतलंत आणि आता दोन वर्षं माझी पोरही सांभाळणार आहात. मी बालवर्गाची बाई होऊन स्वतःच्या पायावर उभी राहीनच. तोवर भाऊजींना नमस्कार, खारूचा पापा, आणि तुझा माझ्यावरचा जीव आहे तेवढा असू दे.

तुझी,
धाकटी


दि. ८ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सगळ्यात आधी ऐक, खारू रडली नाही. एक टिपूस नाही. उठली, खोल्या बघितल्या, खाली दुकानात आली, बाइंडिंगच्या टेबलाखाली वाकून बघितलं, पुठ्ठ्यांच्या थप्पीमागं बघितलं. मग आई कुठाय म्हणून एकदा विचारलं. मी सांगितलं की कामाला गेलीय, येईल. झालं, परत नाव नाही काढलं. म्हटलं नव्हतं का तुला? उगाच निरोपाचा तमाशा करून पोरीला रडवण्यापेक्षा हे बरं.

जेवते नीट. तुझ्या भाऊजींचा कान तिनं नापसंत केला, केस टोचतात म्हणाली. ते दोन दिवस आरशात कान बघत होते. कागदाच्या कातरणांच्या पेटाऱ्यात बसून असते दिवसभर. वह्या चिकटवायची खळ शिजवायला लागले की पहिलं बोट हिचं.

एवढंच की दुपारी झोपत नाही हल्ली. संध्याकाळी ताटावरच पेंगते. वय वाढलं की दुपारची झोप कमी होतेच, त्यात काळजीसारखं काही नाही. तू अभ्यासाकडं बघ. आणि कपाटाच्या दाराला मेण लाव.

कळावे. खुशालीचं पत्र दर आठवड्याला आलंच पाहिजे.

तुझी,
ताई


दि. १७ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या सोमवारपासून आमचा सराव सुरू झाला. विद्यापीठाच्या आवारातच बालवर्ग आहे. बुटक्या खुर्च्या, गुडघ्याएवढी नळाची तोटी, प्रत्येकाच्या खुंटीवर चित्र. तिथल्या बाई इतक्या हळू बोलतात की मुलं गप्प होऊन ऐकतात. आम्ही त्यांना आपसात हळूबाई म्हणतो.

सोमवारी नव्या मुलांचा पहिला दिवस होता. लाल मोज्यांची एक मुलगी मणी ओवण्यात रंगली, तशी तिची आई पाय न वाजवता दाराबाहेर सटकली. मला वाटलं, शहाणी बाई. पण हळूबाई धावत फाटकापर्यंत गेल्या आणि तिला परत घेऊन आल्या. सांगा तिला तुम्ही जाताय म्हणून, असं म्हणाल्या. ती आई म्हणाली की रडेल हो. तर हळूबाई म्हणाल्या, रडू दे, मी आहे. पण तुमची पाठ तिला दिसू दे. नाहीतर ती दिवसभर मणी सोडून दाराकडं बघत बसेल, आणि उद्यापासून मणी हातातसुद्धा घेणार नाही, कारण मण्यांकडं बघितलं तेवढ्यात आई गेली.

ती मुलगी फार रडली. मग थांबली आणि हळूबाईंच्या मांडीवर बसून तिनं माळ पुरी केली. मी सामानाच्या खोलीत जाऊन रंगीत कागदांचे गठ्ठे मोजत उभी राहिले. तीनदा मोजले, तीनदा वेगळा आकडा आला.

ताई, ह्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा दुपार होती आणि खारू झोपली होती. ते परत आले नाहीत. मी गेले तेव्हाही दुपार होती आणि ती झोपली होती. तू म्हणशील, तेव्हा ती अडीच वर्षांची होती, तिला काय आठवतंय? तिला आठवत नसेलही. पण ती दुपारी का झोपत नाही, हे मला आता कळलंय असं वाटतं. तुझ्या पत्रात तू काय लिहिलं नाहीस, ते मला लिही. तुला माझी शपथ आहे.

तुझी,
धाकटी


दि. २२ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

शपथा घालायची तुझी खोड अजून गेली नाही. पण विचारलंस म्हणून लिहिते.

ती पायातले बूट काढत नाही. सकाळी उठली की बूट घालते आणि जेवल्यावर दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसते. झोप आली की दोन्ही हातांच्या बोटांनी पापण्या वर ओढून धरते. मी मोरीत खळीचं पातेलं घासायला गेले तरी मागं येऊन उभी. भाऊजी गिऱ्हाइकाकडं वह्या पोचवायला निघाले की ते जिना उतरेपर्यंत त्यांच्या सदऱ्याला धरून. परवा स्टुलावर बसल्या बसल्या डोळा लागला, खाली पडली आणि कपाळाला टेंगूळ आलं. तेव्हा रडली. दुखलं म्हणून असेल म्हणून मी फुंकर घालायला गेले, तर मी किती वेळ झोपले होते असं पुन्हा पुन्हा विचारत होती आणि घरातली माणसं मोजत होती.

हे लिहिलं असतं तर तू सामान बांधून आली असतीस. एवढ्या मुश्किलीनं मिळालेली जागा सोडली असतीस. म्हणून नाही लिहिलं. चूक झाली असेल तर झाली. पण आता येऊ नकोस. कशीबशी सवय होतेय तिला, तू दिसलीस की सगळं पहिल्यापासून सुरू होईल.

तुझी,
ताई


दि. २६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शनिवारी येतेय. रविवारी दोनच्या बसनं परत निघणार. अडवू नकोस.

शिक्षण सोडायचं माझ्या मनात दोन दिवस होतं, लपवत नाही. अर्जसुद्धा लिहिला होता. हळूबाईंकडं गेले. त्यांनी सोडा म्हटलं नाही आणि राहा म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या की राहायचं तर तिला जाऊन सांगा, जागेपणी.

माझ्यावर दोन उपकार कर. मी जाताना तिला कागदाचं, खाऊचं, कसलंही आमिष दाखवून दुसरीकडं नेऊ नकोस. आणि भाऊजींना सांग, आई दुकानात गेलीय असलं काही बोलायचं नाही. मी बसमध्ये चढताना तिनं मला बघितलं पाहिजे. मग तुम्हाला जे सोसावं लागेल त्याबद्दल आत्ताच पाया पडते.

तुझी,
धाकटी


दि. ५ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

चार दिवस पत्र लिहिलं नाही, कारण रागावले होते.

तू तिच्यासमोर उकिडवी बसून सांगितलंस की मी जाणार आहे, खूप दिवसांनी येणार आहे, पण येणार आहे. ती मान हलवत होती. मला वाटलं, सुटलो. पण बस हलली तशी तिनं जी किंकाळी फोडली ती तुला आत ऐकू गेली की नाही, माहीत नाही. तू खिडकीतून हात हलवत राहिलीस, तोंड फिरवलं नाहीस. कशी ग बघत राहिलीस? भाऊजींच्या छातीवर बुक्क्या मारल्या तिनं, माझ्या मनगटाला चावली, वळ अजून आहे. लोक जमले. मी मनात तुला नाही नाही ते बोलले. घरी येईपर्यंत तिचा आवाज बसला होता.

सोमवारी झोपली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी जेवण झाल्यावर मी वह्या शिवत होते, तर स्टुलावरून उतरून माझ्याजवळ आली. आई गेली तेव्हा मी जागी होते ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. मी बघत होते ना? हो म्हटलं. आई येते म्हणाली ना? म्हटलं, हो, माझ्यासमोर म्हणाली. मग तिनं खाली बसून बुटांचे बंद सोडले, बूट भिंतीशी ठेवले आणि कातरणांच्या पेटाऱ्यात जाऊन आडवी झाली. माझा कान हवा म्हणाली. मी हातातली वही तशीच सोडून तिथंच वाकून बसले. दोन तास झोपली ग. एक गिऱ्हाईक आलं, त्याला भाऊजींनी तोंडावर बोट ठेवून दारातूनच परत पाठवलं. माझी कंबर मोडली, पण उठवेना.

तू बाई होणार, चांगली होणार. हे मी आता कबूल करते.

एक सांगायचंय, हसू नकोस. बारा वर्षं आमच्या घरात मूल नाही, आम्ही त्याबद्दल बोलायचंही सोडलं होतं. त्या दिवशी ती माझा कान धरून झोपली, तेव्हा मला तुझ्या त्या बसची आठवण झाली. दोन वर्षांनी तू येशील आणि तिला घेऊन जाशील. न्यायलाच पाहिजे, तुझीच आहे. फक्त मी बाजारात किंवा कामात असताना नेऊ नकोस. मला आधी सांग, समोर बसवून सांग. मी रडले तर रडू दे.

आमचे आशीर्वाद आहेतच. माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई