यंत्राच्या पोटातले वेळापत्रक

३ जून, सोमवार. सकाळी ६.१०

शाळा १७ तारखेला सुरू. वेळापत्रक १५ तारखेला, शनिवारी दुपारी बारापर्यंत द्यायचे. मी ते परवा बुधवारीच देणार. दहा दिवस आधी दिले की लोकांना आपोआप लाज वाटते.

निवृत्त होऊन तीन वर्षे होत आली, पण वेळापत्रक अजून मीच करते. एकोणतीस वर्षे उपमुख्याध्यापिका म्हणून केले, आता हौस म्हणून करते. सव्वीस शिक्षक, अठरा वर्ग, एक प्रयोगशाळा, आणि शेवटचा तास कुणालाच नको. दुसऱ्या कुणाला हे जमणार नाही, असे मुख्याध्यापिकेला फोनवर सांगितले. ती माझीच विद्यार्थिनी, भूमितीत कच्ची. म्हणाली, हो बाई, पण शनिवारपर्यंत नाही आलं तर आम्ही स्टाफरूममध्ये बसून करू, आणि मग पुढेही आम्हीच करत जाऊ, तुम्हाला उगाच त्रास. 'तुम्हाला त्रास' हे शब्द आले की समजावे, आपल्या हातातले काहीतरी काढून घेणार आहेत.

संकल्प: एक, बुधवार. दोन, भाच्याला फोन करायचा नाही.

संध्याकाळी ५

वेळापत्रकाचा प्रोग्राम जुना आहे, जुन्या विंडोजवरच चालतो. नव्या कम्प्युटरवर भाच्याने लिनक्स घातले आणि त्याच्या पोटात खोटा कम्प्युटर बसवून त्यात जुनी विंडोज ठेवली. समजावून सांगताना म्हणाला, मावशी, लिनक्स म्हणजे घरमालक आणि विंडोज म्हणजे भाडेकरू. माझा प्रोग्राम भाडेकरूच्या ट्रंकेत. भाचा दातांचा डॉक्टर आहे, वय एकेचाळीस. कम्प्युटर हा त्याचा छंद. माणसाने दातांवर थांबावे.

शिक्षकांची नवी यादी गेल्या आठवड्यात भरून ठेवली आहे. अकरा नवी नावे. एकही लक्षात राहात नाही, इतकी गुळगुळीत.

आज यंत्र पुन्हा विचारत होते, अपडेट करू का. सहा दिवस विचारते आहे. विचारणाऱ्याला ताटकळत ठेवणे असभ्य, म्हणून हो म्हटले. बंद होऊन पुन्हा सुरू झाले, तेव्हा नेहमीसारखी काळ्या पडद्यावर यादी आली आणि पाच सेकंद नुसती उभी राहिली. यादीचे नाव ग्रब. ती कुणाची वाट पाहते? इंटरनेटवर वाचून एका फाइलमध्ये पाचाचे शून्य केले. वर्षाला निदान अर्धा तास वाचेल.

४ जून, मंगळवार

घरमालक उठतो, भाडेकरू उठत नाही. इंग्रजीत लांबलचक तक्रार येते, सारांश असा की कर्नलचा ड्रायव्हर बसवलेला नाही. काल बसलेला होता. रात्रीत कुठे गेला?

ह्यांनी विचारले, काय झालं? म्हटले, काही नाही. हे म्हणाले, मग त्याच्यावर ओरडतेस कशाला?

५ जून, बुधवार

इंटरनेटवर एका गृहस्थाने नेमकी हीच अडचण आठ वर्षांपूर्वी विचारली आहे. खाली त्यानेच लिहिले आहे, सुटले, धन्यवाद. कसे सुटले ते लिहिलेले नाही. असा विद्यार्थी माझ्या वर्गात असता तर पायऱ्यांचे गुण कापले असते.

दुसऱ्या एकाने सहा ओळी दिल्या होत्या. प्रत्येकीच्या सुरुवातीला sudo. हे म्हणजे मुख्याध्यापकांच्या सहीने, एवढे कळले. सहाही टाइप केल्या. पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, म्हणून प्रत्येक वेळी दोनदा टाकला. सहापैकी किती लागू पडल्या ते सांगता येत नाही. शेवटी एक ओळ आली, तीत error हा शब्द एकदाच होता. प्रगती.

बुधवारचे शुक्रवारवर ढकलले आहे.

६ जून, गुरुवार. दुपारी १२

भाच्याला फोन केला. संकल्प मोडलेला नाही. मी त्याच्या तब्येतीची चौकशी करायला केला, विषय त्यानेच काढला.

तो म्हणाला, मावशी, अपडेटने नवा कर्नल आला, म्हणजे घरमालकाचा मेंदू बदलला, आणि भाडेकरूला तो ओळखत नाही. सुरू होताना ग्रबची यादी येते ना, तीत जुना कर्नल निवड, रविवारी मी बाकीचं बघतो. मग म्हणाला, आ करा. मी आ केला. म्हणाला, तुला नाही गं मावशी.

ती यादी आता येत नाही हे त्याला सांगितले नाही. पेशंटचा खोळंबा झाला असता.

संध्याकाळी ४

वाचले, की सुरू होताना Esc दाबले की यादी दिसते. एकदा दाबून दिसली नाही. मी अर्धवट काही करत नाही. पुढच्या वेळी चाळीस वेळा दाबले.

आता पडद्यावर डाव्या कोपऱ्यात grub> एवढेच आहे, आणि पुढे एक रेघ लुकलुकते.

७ जून, शुक्रवार

grub> ला timetable म्हणून पाहिले. म्हणे अशी आज्ञा सापडत नाही. पूर्ण वाक्यात लिहिले. पहिलाच शब्द सापडत नाही म्हणे. help लिहिले, तर इतकी मोठी यादी ओतली की वरचा अर्धा भाग वाचायच्या आत पळून गेला. स्टाफ मीटिंगमध्ये मदत मागितली की असेच होई, फक्त तिथे माणसे पळत.

बंद करायचे नाही असे ठरवले आहे. बंद केले तर त्याला वाटेल, ही घाबरली.

हे म्हणाले, अगं, कागद-पेन्सिल घेऊन बसलीस तर एव्हाना झालं असतं. मी म्हटले, तुम्ही आयुष्यात एक वेळापत्रक केलं आहे का? हे म्हणाले, नाही, पण एकोणचाळीस वर्षं एकीचं पाळतोय.

शुक्रवारचे सोमवारवर.

९ जून, रविवार. सकाळी १०.३०

भाच्याचा फोन. रविवारी दवाखाना बंद, त्यामुळे मोठ्याने बोलतो. म्हणाला, grub>? तिथे कशी पोचलीस? मी म्हटले, चालत. तो म्हणाला, मावशी, नॉर्मल टाइप कर. हे मला की यंत्राला, ते विचारून घ्यावे लागले.

normal लिहिल्याबरोबर यादी न येता थेट घरमालक उठला, तोच नव्या मेंदूचा. भाचा म्हणाला, यादी पाच सेकंद थांबते, दिसलीच असेल. मी म्हटले, यंत्रं आता पूर्वीसारखी थांबत नाहीत. तो म्हणाला, मावशी, तू काही बदललंस का? मी म्हटले, मी गेल्या चाळीस वर्षांत काही बदललेलं नाही. हे आतल्या खोलीतून म्हणाले, हे खरं आहे.

फोन ठेवून त्या फाइलमधल्या शून्याचे पुन्हा पाच केले.

१० जून, सोमवार

विलक्षण यश. यादी आली, आणि पाच सेकंद नव्हे, माझी वाट पाहात उभीच राहिली. चहा करून आले, उभी. अंघोळ करून आले, उभी. शिस्त लागायला थोडा वेळ लागतो, इतकेच.

जुना कर्नल निवडला. ड्रायव्हरची तक्रार बंद.

भाच्याला कळवले. त्याने त्या फाइलचा फोटो मागवला आणि म्हणाला, मावशी, तू ५ मराठीत लिहिलास. त्याला तो आकडाच वाटत नाहीये, म्हणून ते जागचं हलत नाही. असेल. आकडा ओळखता न येणे हा माझा दोष नव्हे.

मुख्याध्यापिकेचा निरोप: बाई, कसं चाललंय? नसेल होत तर मोकळेपणी सांगा. उत्तर पाठवले: होत आले.

१२ जून, बुधवार. सकाळी ९

झालेले नाही. भाडेकरू आता उठायला तयार आहे, पण म्हणतो, अपडेटच्या आधी जिथे झोपलो तिथूनच उठायचे होते, ते जमत नाही. भाच्याला दवाखान्यात गाठले. म्हणाला, डिस्कार्ड म्हणून बटण आहे ते दाब, त्याने फक्त ती अर्धवट झोप जाते, बाकी सगळं तसंच राहतं. दुसऱ्या कशाला हात लावू नकोस. थुंका. मावशी, ऐकतेयस ना, दुसऱ्या कशालाही नाही.

डिस्कार्ड म्हणजे टाकून देणे. माझी सव्वीस शिक्षकांची यादी आत असताना टाकून देणे हा शब्द मला पसंत नाही. त्याच खिडकीत रिस्टोअर असे सभ्य बटण होते. पूर्ववत करणे. मला तेच तर करायचे आहे. दाबले. त्याने विचारले, आत्ताची स्थिती जपून ठेवू का? तिथे आधीच टिक केलेली होती. बिघडलेली स्थिती जपून कोण ठेवतो? टिक काढली.

सकाळी ९.१०

उठला! वेळापत्रकाचा प्रोग्राम उघडला. शिक्षकांची यादी जागच्या जागी, एकही नाव पुसलेले नाही. भाच्याला कळवले, झाले. कोणते बटण ते सांगितले नाही. त्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे, पण घाई नको.

१३ जून, गुरुवार

दिवसभर काम. हात असा चालत होता की दहा वर्षांनी लहान झाल्यासारखे वाटले. नवी नावे उगाच अवघड वाटत होती. आज सगळी कशी ओळखीची. कुणाला पहिला तास सोसत नाही, कुणाला प्रयोगशाळेजवळचा वर्ग लागतो, सगळे न बघता आठवत होते. या वर्षीचे शिक्षक चांगले आहेत.

दुपारी चारला प्रोग्रामने म्हटले, संघर्ष शून्य, म्हणजे कुठेच दोन तासांची टक्कर नाही. एकोणतीस वर्षांत शून्य कधी आले नव्हते. ह्यांना बोलावून दाखवले. हे म्हणाले, वा. मी म्हटले, नीट बघा. हे म्हणाले, चष्मा नाही, पण वा.

तपासायला वेळ होता. पण माझेच काम मी काय तपासणार.

१५ जून, शनिवार. सकाळी ११.४०

शाळेत पोचवले. मुख्याध्यापिका बाहेर गेली होती, कारकुनाने घेतले. सव्वीस शिक्षकांचे सव्वीस कागद, अठरा वर्गांचे अठरा, एक मोठा तक्ता. कडा पट्टीने कापलेल्या. पाकिटावर लिहिले, वीस मिनिटे शिल्लक ठेवून. कारकून म्हणाला, बाई, तुम्ही आहात म्हणून.

पुढच्या वर्षी एप्रिलातच सुरुवात करणार.

१७ जून, सोमवार. दुपारी १

पहिला दिवस, म्हणून सहज शाळेत गेले. वेळापत्रक कसे चालते ते लांबून पाहावे, कौतुक ऐकायला थांबू नये, असे ठरवून.

स्टाफरूमच्या भिंतीवर तक्ता होता, पण माझा नव्हता. हाताने काढलेला, रेघा वाकड्या. भूमितीत कच्च्या असलेल्या माणसाच्या रेघा मी कुठेही ओळखते.

मुख्याध्यापिकेने आत बोलावले आणि दार लावून घेतले. पूर्वी ते दार मी लावत असे, आणि आतला माणूस रडत बाहेर येई. म्हणाली, बाई, बसा. मग माझा मोठा तक्ता टेबलावर पसरला.

गणित, दहावी अ, पहिला तास: माझे नाव. नववी ब: माझे नाव. आठवड्याला बावीस तास माझ्याकडे. खेळाचे सर, ज्यांचे दोन्ही गुडघे बदलून झाले, ते रोज मैदानावर. भूगोलाचे सर, ज्यांच्या शोकसभेत मी पंधरा मिनिटे बोलले, त्यांना शुक्रवारी सलग तीन तास. अकरा नव्यांपैकी एकही नाही. प्रत्येक तास जागच्या जागी, कुणाचीही कुणाशी टक्कर नाही. तीन वर्षांपूर्वीच्या शाळेचे निर्दोष वेळापत्रक.

तिच्यासमोरच भाच्याला फोन केला. तो म्हणाला, मावशी, तू रिस्टोअर दाबलंस? ती मी तीन वर्षांपूर्वी घेतलेली प्रत आहे, सगळं बसवलं त्या दिवशीची. तू तेव्हा नोकरीत होतीस. आत्ताची स्थिती ठेवली असशील ना, तिथे टिक असते. मी म्हटले, काढली. त्याच्याकडे ड्रिल चालू होते ते बंद झाले.

तिला विचारले, माझे चुकलेले तुम्हाला कळले केव्हा? म्हणाली, शनिवारी संध्याकाळी, बाई. मग काल दुपारी सगळ्यांना बोलावलं. किती वेळ लागला? अडीच तास, त्यात चहा. मी म्हटले, शेवटचा तास कुणी घेतला? तो तर कुणालाच नको असतो. म्हणाली, विचारलं एकेकाला. चौघांना चालत होता. दोघांना तर तोच हवा होता, सकाळी घरी म्हातारी माणसं असतात म्हणून.

एकोणतीस वर्षांत मी एकालाही विचारले नव्हते.

मी म्हटले, पुढच्या वर्षी मी. ती म्हणाली, बाई. आणि चहा सांगितला. मी तो पूर्ण प्याले, चांगला होता, आणि तक्ता घडी घालून पिशवीत ठेवला. ती म्हणाली, तो राहू द्या, बाई, इथेच टाकून देऊ. मी म्हटले, नको.

घरी आल्यावर हे दारातच म्हणाले, काय, पसंत पडलं का? म्हटले, शाळा वेळेवर सुरू झाली. हे गंभीर चेहऱ्याने जेवायला वाढू लागले. आजवर कधी वाढले नव्हते, म्हणजे सगळे कळले आहे. भाताच्या मुदीला वाटीच्या जागी ताटली घेतली. मी तशीच जेवले.

संध्याकाळी ६

तक्ता उघडून पाहिला. चुका नाहीत.

उद्या मंगळवार. पहिला तास माझा, दहावी अ. गजर लावलेला नाही.