वरची ओळ उघडी

३ फेब्रुवारी २०२५, चाकूर

आले एकदाची. शिक्षण संस्थेच्या कचेरीत आवक-जावक लिपिक म्हणून रुजू झाले. खुर्ची डुगडुगती, पण पंखा थेट माझ्याच डोक्यावर. शिपाई शिवलिंगमामा लई बोलके. मी भोकरची म्हटल्यावर तिकडं ज्वारी कशी पिकली इथपासून चौकशी सुरू. खोलीवर आले तर घरमालकीण धोंडाबाई पिठलं-भाकरी घेऊन दारात उभ्या. मोठ्या बाबूंनी माझा पहिलाच मसुदा बघून मान डोलावली. डोलावणारच. वर नेमका विषय लिहिल्याशिवाय माझा हात पुढं सरकत नाही.

जेवून धम्मदीपला मेल केला. हा माझा धाकटा भाऊ. मागच्या वर्षी त्यानं किल्लारीकडच्या ऋतुजाशी लग्न केलं. आम्ही बौद्ध, ती मोठ्या बागायतदाराची लेक. तिचा भाऊ भागवत चारचौघांत म्हणाला होता की दोघांना जित्तं ठेवणार न्हाई. म्हणून दोघं नांदेडला लपून राहतात, आणि ती खोली मीच बघून दिलेली, माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. फोन नंबरसुद्धा एकमेकांना दिलेले नाहीत. फक्त कुलूपवाला मेल. आतला मजकूर आमच्या पासवर्डशिवाय उघडत नाही. तो जातो ऋतुजाच्या जुन्याच खात्यावर, कारण भरतीचे अर्ज तिनं त्याच पत्त्यावर भरलेत. माग लागू नये म्हणून पळताना तिनं फोन माहेरीच ठेवला, पोरगी हुशार आहे.

विषय लिहिला : चाकूर येथे रुजू झाल्याबाबत. धम्मदीप हसेल, ताई घरातबी बाबूगिरी करती म्हणेल.

९ फेब्रुवारी

दोघं मेल रविवारीच, नेट कॅफेत जाऊन बघतात, त्यामुळे आज उत्तर आलं. ऋतुजाला सातवा लागलाय. मला रडूच आलं. आई असती तर सगळी गल्ली जेवू घातली असती. लगेच उलट मेल केला, हिरवी साडी घेऊन ठेवते, ओटी भरताना तिला नेसव, बाळाची दुपटी मीच शिवते म्हणून. विषय : ऋतुजाच्या डोहाळजेवणाबाबत. येत्या चोवीस तारखेला, सोमवारी, तिची तपासणी आहे. त्याचा मेल वेगळा केला. एका पत्रात दोन विषय मला चालत नाहीत.

१३ फेब्रुवारी

आज डाकेत माझ्या नावाचं पाकीट आलं. आत ताव कचेरीच्या पद्धतीचा, वर सुबक अक्षरात : विषय : चाकूर येथे रुजू झाल्याबाबत. खाली काहीच नाही. ना सही, ना नाव. मोठे बाबू म्हणाले, कुणी तरी चेष्टा करून राहिलंय. मी आवक क्रमांक टाकून फाईलला लावलं. ही ओळ माझीच आहे हे कुणाला सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी

दुसरं पाकीट. विषय : ऋतुजाच्या डोहाळजेवणाबाबत.

खाली कोरं.

शिक्का किल्लारीचा. भागवतच. दुसरं कोण असणार? शिवलिंगमामांनी पाणी आणून दिलं, ते तसंच ठेवून मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. कुलूप फुटलं म्हणावं तर मग आतलं का लिहीत नाही? साडी, बाळ, कशाचीच वाच्यता नाही. धोंडाबाईंनी विचारलं, बाई, जेवत का नाही. पोट बिघडलंय म्हटलं.

१९ फेब्रुवारी

आज सुट्टी, पण शिवजयंतीच्या कार्यक्रमाला कचेरीत गेले, तिथं संगणक दुरुस्तीचा नरसिंग आला होता. नाव न घेता त्याला विचारलं. तो म्हणाला, हाव ताई, कुलूप आतल्या मजकुराला. वरचा विषय उघडाच राहतो. कुणी पाठवला, कुणाला, किती वाजता, तेबी उघडं. आणि ते खातं जुन्या एखाद्या फोनवर चालूच राहिलं असेल, तर फोन न उघडताबी पडद्यावर विषय झळकतो.

ऋतुजाचा फोन तिच्या माहेरी आहे. भागवत नुसता चार्ज करत असणार. बाकी सगळं मीच त्याला लिहून दिलं. नेमकं, मुद्देसूद. माझ्या त्या अकलेला आग लागो.

२० फेब्रुवारी

तिसरं आलं. विषय : सोमवारी तपासणीस जाण्याबाबत.

पहाटेच विषय न टाकता मेल केला होता. खातं बदला, सोमवारी बाहेर पडू नका. पण ते उघडणार रविवारी. रविवारपर्यंत कशी थांबू. पोलिसांत जायचं तर पत्ता सांगावा लागेल, आणि तिथं भागवतची ऊठबस. उद्या पहिल्या बसनं जाते. कुणाला सांगितलेलं नाही. रजेचा अर्जसुद्धा नाही.

२१ फेब्रुवारी, नांदेड

पोचले. दोघं सुखरूप. ऋतुजाचं पोट बघून ऊर भरून आला. धम्मदीपला सगळं सांगितलं. आजच दुसरीकडं हलायचं ठरलं. तो रिक्षा बघायला खाली गेलाय. मी मुद्दाम लिहीत बसलेय, नाहीतर सारखी खिडकीत जाईन.

आत्ता शिवलिंगमामांचा फोन. माझ्या नावानं आणखी एक आलंय. फोडून वाचा म्हटलं.

विषय : आपण भावाकडे निघाल्याबाबत.

शिक्का चाकूरचा. कालच्या तारखेचा.

काल मी कुणाला—

म्हणजे त्याला गाव ठाऊकच नव्हतं. एकाही विषयात मी नांदेड लिहिलेलं नाही. त्याला पत्ता हवा होता, आणि तो फक्त माझ्याजवळ होता. मी घाबरून उठावं म्हणूनच ती पाकिटं. आणि मी बसमध्ये एकदासुद्धा मागं वळून—

खाली जीप थांबली. धम्मदीपला जाऊन किती वेळ झाला. वीस मिनिटं. जास्तच.

ऋतुजा म्हणतेय, आले वाटतं हे. पण जिन्यावर पावलं एकाची नाहीत. ती उठली. कडीला हात लावू नको म्हणून तिला—