'बघू' न चालणारी चौकट

तीर्थस्वरूप ताईस, धाकटीचा वाकून नमस्कार.

देवाच्या दयेने इकडे सगळे ठीक आहोत. तूही ठीक असशील असं धरून चालते (धरूनच चालावं लागतं, कारण तू स्वतःहून काही कळवत नाहीस). डोळा कसा आहे? मागच्या खेपेला दाराला टांगलेल्या कोटाला तू "या, बसा" म्हणालीस आणि वर चहा घेणार का असंही विचारलंस, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. (सूनबाईला सांगितलं, पण ती घरचीच.) आज अक्षर एवढं मोठं का आणि कागदाची एकच बाजू का वापरली, ते शेवटी सांगते. मला वेड लागलेलं नाही.

तर, तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी पंधरा दिवस येऊन राहायचं, हे माझ्यापुरतं केव्हाच ठरलंय. घोडं अडलं होतं ते ह्यांच्यापाशी. मी विचारायचं, जाऊ का? आणि ह्यांनी पेपरातून मान वर न करता म्हणायचं, "बघू." बत्तीस वर्षांत ह्यांनी मला एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही, हे मी देवासमोर सांगेन, पण 'हो' म्हणाल्याचंही फारसं आठवत नाही. स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी चार वर्षं त्या 'बघू'वर लोंबकळतेय. रोज दिवा लावताना देवाच्या कानावर घालून पाहिलं. शेवटी देवही 'बघू' म्हणतोय की काय अशी शंका यायला लागली, तेव्हा सुनेकडे गेले.

सूनबाई ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर त्या चौकटीचौकटींच्या तक्त्यात काम करते. ती म्हणाली, आई, बाबांना तोंडी विचारूच नका, फॉर्म द्या. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तराची चौकट. उत्तरं कोणती चालतील ती एका कोपऱ्यात एकाखाली एक लिहायची आणि चौकटीला बजावायचं, यातलंच घे, बाकी काही घेऊ नकोस. मग चौकटीपाशी इवलासा बाण येतो. तो दाबला की यादी खाली उलगडते. (मला तर हात जोडावेसे वाटले.) दोन दिवसांत शिकले, मॅट्रिक काय उगाच झाले? पहिला प्रश्न सोपा टाकला, चहात साखर किती. दुसरा, कडी कधी लावणार: आज किंवा उद्या. तिसरा, पत्नीने पंधरा दिवस बहिणीकडे जावे का: हो किंवा नाही. ('पत्नी' सूनबाईचं. मी 'मी' लिहिलं होतं.)

आता माझी खोड तुला ठाऊक आहे. हिशेबाच्या वहीत प्रत्येक पानाखाली दोन ओळी मोकळ्या सोडायच्या, पुढेमागे काही लिहायचं राहिलं तर नवं पान खर्ची पडायला नको. त्याच हाताने मी इथेही 'हो' आणि 'नाही'च्या खाली दोन ओळी सोडल्या आणि यादीत त्याही धरल्या. ह्यांनी चष्मा पुसला, दोन बोटांनी 'बघू' टाईप केलं, आणि त्या निमकहराम चौकटीने ते मुकाट्याने घेतलं! सूनबाईने पाहिलं आणि पोट धरून हसली. म्हणाली, आई, यादीत रिकामी जागा ठेवलीत, आता तिथून कोणीही आत शिरणार.

जिवावर आलं, पण दोन्ही ओळी बुजवल्या. शिवाय नको ते लिहिलं तर पडद्यावर काय उमटावं, तेही आपल्याला लिहिता येतं, तिथे मी लिहिलं, "कृपया यादीतूनच निवडावे. आपली नम्र." दुसऱ्या दिवशी हे पुन्हा बसले. 'बघू' लिहिलं, पाटी आली. 'बघूया' लिहिलं, पाटी. 'पाहू' लिहिलं, पुन्हा पाटी. उठून पाणी प्यायले. मग बाण दाबून 'नाही'कडे इतका वेळ पाहत राहिले की दारामागे मी पुन्हा देवाच्या कानावर घातलं. पण ताई, बत्तीस वर्षांत जे 'नाही' तोंडाने झालं नाही ते बोटाने थोडंच होणार? 'हो' झालं! लगेच सुनेला विचारतात कसे, "हे खोडता येतं का गं?" ती म्हणाली, "नाही बाबा, एकदा झालं ते झालं." (साफ खोटं. देव तिला क्षमा करो, माझ्या खात्यावर लिहून.)

तेव्हा मी येतेय. तब्येतीला जप. कोटाला नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. काल ह्यांनी सुनेकडून शिकून माझ्यासाठी फॉर्म केला. प्रश्न एकच: परत कधी येणार? बाण दाबला तर दोनच उत्तरं, 'पंधराव्या दिवशी' आणि 'त्याच्या आधी'. मी बराच वेळ त्यात 'बघू' शोधत होते. आणि हो, कडी लावली.

ता. ता. क. खरं काम पुढेच आहे. तुझ्या डॉक्टरांना मी फोन केला होता. ते म्हणाले, मी तयार आहे, गेलं वर्षभर तुमच्या ताईच 'बघू' म्हणताहेत. म्हणून सोबत वेगळा कागद आणि तिकीट लावलेलं पाकीट पाठवतेय. कागदावर बाण उमटत नाही, तो हाताने काढलाय. प्रश्न, ऑपरेशन कधी; उत्तरं, 'येता सोमवार' आणि 'येता गुरुवार'. एकावर खूण करून उलट टपाली धाड. अक्षर मोठं आहे आणि मागची बाजू कोरी, त्यामुळे दिसलं नाही किंवा पान उलटायचं राहिलं म्हणायची सोय नाही. आणि ताई, जन्मात पहिल्यांदा मी खाली एकही ओळ मोकळी सोडलेली नाही.