बिस्किटासमोर बसलेली मुलगी

नाना, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या काळात माणसाचा राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही, आणि परवापासून तर तो पुन्हा उकळायला लागलाय, म्हणून लिहायला बसले आहे. जिवंतपणी तुमच्यापुढे माझं तोंड उघडत नसे. आता तुम्ही देवासच्या माझ्या घरात भिंतीवर आहात, मध्येच उठून जाऊ शकत नाही, तेव्हा ऐका.

धारला तुमचं नाव मोठं होतं. जनावरांचे सरकारी डॉक्टर, त्यात तुमचे आजोबा संस्थानच्या पागेवर, त्यामुळे आपल्या घराला जनावरांतलं कळतं हे तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचात. अडलेल्या म्हशीपाशी तुम्ही सगळी दुपार उकिडवे बसून राहायचात, तिच्या पाठीवरून हात फिरवत, एक शब्द मोठ्याने न बोलता. मी पाहिलंय ते. मग घरी येऊन हात धुवायचात आणि पानावर बसल्याबसल्या माझी हजेरी सुरू व्हायची. वासरू तासाभरात पायावर उभं राहतं, पिल्लू दोन महिन्यांत आपली जागा ओळखतं, आणि ही बघा, चार वर्षांची घोडी अजून गादी ओली करते. आई म्हणायची, "अहो, लेकरू आहे ते." तुम्ही म्हणायचात, "लेकरूच म्हणतोय मी. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच." गंमत म्हणजे घरात खराखुरा कुत्रा होता, त्याला ही म्हण तुम्ही कधी लावली नाहीत. तो तुमचा शहाणा होता.

त्याच्याशी तुम्ही हिंदीत बोलायचात. बैठ. रुक. हां. आपल्या घरात मराठी माणसांसाठी होती आणि हिंदी दूधवाला, कंपाउंडर आणि कुत्रा यांच्यासाठी. रविवारी सकाळी तुमची मित्रमंडळी पोहे-जिलेबीला जमायची, तेव्हा तुम्ही अंगणात आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवायचात. त्याच्यापुढे एक बिस्किट, माझ्यापुढे एक बिस्किट. त्या खेळापुरती मलाही हिंदी. "बैठ. रुक." तुम्ही 'हां' म्हणेपर्यंत जो थांबेल त्याला दोन्ही मिळणार. मी पाच वर्षांची, सकाळपासून उपाशी, समोर तुम्ही सगळे जिलेब्या खाताय. मी उचलून खायचे. माझ्या हातातलं उरलेलं अर्धं काढून तुम्ही त्याला द्यायचात. कुणीतरी हसून म्हणायचं, "डॉक्टर साब, कुत्ता तो बिटिया से समझदार निकला!" आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर दोनदा थोपटायचात. एकदा, मग जरा थांबून पुन्हा एकदा.

शेवटी मीही शिकले. न शिकून सांगते कुणाला? आणि मग शाळेचा पहिला दिवस आला. बाई वर्गात आल्या, आम्ही उभे राहिलो, त्या म्हणाल्या, "बैठो." बाकीची मुलं बाकावर बसली. मी खाली फरशीवर बसले, दोन्ही पंजे पुढे टेकून, हो, पंजेच म्हणते, आणि बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या 'हां' कधी म्हणतात याची वाट बघत. सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला उचलून बाकावर बसवलं आणि विचारलं, "ये किसने सिखाया, बेटा?" मी तुमचं नाव सांगितलं नाही. घरी आल्यावर मात्र आईला सांगितलं, आईने रडत तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही काय म्हणालात? "म्हणजे डोक्यात शिरतंय तर!" पाचवीत जाईपर्यंत मुलं मला बघून यू-यू करायची, नाना. तुम्ही तेव्हा कुणाच्या तरी गाईला तपासायला गावोगाव हिंडत होतात.

आता मला मुलगी आहे, तीन वर्षांची. ती बोलत नाही. ऐकू येतं, सगळं समजतं, चपला हव्या असल्या तर हाताला धरून चपलांपाशी नेते, पण शब्द नाही. सासूबाई टेकडीवरच्या देवीला नवस बोलून आल्या. मी तिला इंदूरला डॉक्टरीणबाईंकडे नेते, त्या म्हणतात, तिच्याशी खेळा, गप्पा मारा, घाई करू नका. मी मान डोलावते आणि बसमध्ये परत येताना माझ्या कानात तुम्ही सुरू होता. वासरू तासाभरात, पिल्लू दोन महिन्यांत. अहो, वासरू तासाभरात उभं राहतं कारण त्याला आईमागे पळायचं असतं, आणि तेवढं आलं की त्याचं निम्मं शिक्षण संपतं! माणसाच्या पोराला भांडायचं असतं, खोटं बोलायचं असतं, बापाला एकवीस वर्षांनी जाब विचारायचा असतो. त्याला वेळ लागणारच. एवढी जनावरं तपासलीत, आणि हे तुम्हाला कळू नये? मला तुमच्या हुशारीची चीड येते.

परवा शेजारीण येऊन सांगून गेली, "भाभी, जब तक मुंह से नी बोले, हाथ में मत देना. भूख लगेगी तो अपने आप बोलेगी." डॉक्टरीणबाई वेगळं सांगतात हे माहीत असूनही मी ऐकलं. संध्याकाळी बिस्किट वर धरलं आणि म्हटलं, "दे म्हण. आई, दे." ती उड्या मारायला लागली, माझी साडी ओढायला लागली. मी म्हटलं, "थांब." ऐकेना. मग माझ्या तोंडातून निघालं, "रुक!" आवाजही तुमचाच. ती दचकली आणि खाली बसली. फरशीवर, हात पुढे टेकून, बिस्किटाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत. तिला हे कुणीही शिकवलेलं नाही. तुमचा कुत्रा तिने पाहिलेला नाही.

इथवर सगळं मी नवऱ्याला सांगितलं, डॉक्टरीणबाईंनाही सांगणार आहे. पुढचं सांगणार नाही. हा कागदसुद्धा वाणसामानाच्या यादीबरोबर फाडून टाकीन.

ती बसली तेव्हा मला बरं वाटलं, नाना. मी बिस्किट दिलं आणि तिच्या डोक्यावर थोपटलं, एकदा, मग जरा थांबून पुन्हा एकदा. तिचा चेहरा असा फुलला की मी तिच्या शेजारी फरशीवरच बसले. कारण ज्या रविवारी मी पहिल्यांदा शेवटपर्यंत थांबले होते, त्या रविवारी तुमचा हात माझ्या डोक्यावर आला होता. दोन्ही बिस्किटं मी कुत्र्याला देऊन टाकली होती. मला ती नकोच होती.