रथसप्तमीला कमी भरलेले किरण

कळवा,
माघ वद्य दशमी

तीर्थस्वरूप गुणाजीदादांच्या पायांवर धाकट्या सहदेवाचे डोके. आम्ही दोघे ठीक आहोत. वहिनींचा गुडघा कसा आहे, आणि पंढरीबरोबर पाठवलेली चूर्णाची पुडी पोचली का, ते अगोदर कळवावे. (पुडीविषयी खाली पुन्हा लिहीन.)

रथसप्तमीच्या सकाळी मी काय केले ते सांगतो. पत्र्याच्या शेडपुढे पूर्वेला तोंड करून पाच गोवऱ्या पेटवल्या, बोळक्यात दूध ठेवले, ते पूर्वेकडेच उतू गेले, मी हात जोडले आणि दिवसभर समाधानात होतो. घोटाळा दुसऱ्या सकाळी कळला.

गेल्या खेपेस तुम्ही आलात तेव्हा ही शेड नव्हती. मुंबईच्या एका संस्थेच्या साहेबांनी (वयाने आपल्या आनंदाएवढे, पण चष्मा फार जाड) काळुराम मिठागरवाल्याच्या जागेत ती बांधली आणि राखणीला मला ठेवले. आत शिशाच्या विटा रचल्या आहेत, विटांमध्ये नळ्या आहेत आणि बाहेर आकड्यांची पेटी आहे. आभाळातून फार फार लांबचे किरण येतात, ते पत्र्यातून, शिशातून, आपल्या अंगातूनही आरपार जातात, आणि नळ्यांतून एक गेला की पेटी टक् करते. रोज सकाळी सात वाजता पेटीवरचा आकडा वहीत लिहायचा आणि कळ दाबून पेटी शून्यावर आणायची, एवढेच माझे काम. हे किरण दिसत नाहीत की तापवत नाहीत. काळुराम मला म्हणतो, "सहदेवा, दिसत नाय, वास नाय, आन मोजायला मानूस ठेवलाय. त्यापरीस माझं मीठ बरं, चाटून तरी बघता येतंय." (रशियाने आभाळात गोळा सोडला तेव्हा तो दोन दिवस मला त्याचा ठावठिकाणा विचारत होता.)

तर रोज एक्केचाळीस हजारांच्या आसपास भरणारे किरण रथसप्तमीच्या दिवशी दोनेक हजारांनी कमी भरले. शेडजवळ जाळ करू नका, असे साहेबांनी बजावले होते, ते मला तेव्हा आठवले. धुराने नळ्या कोंदल्या असाव्यात असे वाटले. मग असेही वाटले की सूर्याचा सण आणि त्याच दिवशी वरून आवक कमी, म्हणजे दुधात काही चुकले का. मी धोतराच्या सोग्याने सगळ्या विटा पुसल्या. दुसऱ्या दिवशी आकडा आणखी खाली गेला, तिसऱ्या दिवशीही तसाच. नोकरीच्या भीतीने मी वहीत तिन्ही दिवस एक्केचाळीस हजारांचेच आकडे लिहिले. अगदी एकसारखे दिसू नयेत म्हणून थोडे मागेपुढेही केले. (खोटे करतानाही मनुष्य किती नीटनेटका असतो.) खरे आकडे मात्र एका चिठ्ठीवर लिहून पंचांगात ठेवले, आभाळाचा हिशेब फाडून टाकायला हात होईना. चौथ्या दिवशी यंत्र आपोआप पूर्वीसारखे झाले.

पुढे आठवड्याने साहेब आले ते पडलेल्या चेहऱ्याने. त्यांनी सांगितले की त्या दिवसांत सूर्यावर मोठे वादळ झाले, आणि असे वादळ झाले की ते लांबचे किरण वाटेतच अडतात. सगळीकडच्या यंत्रांना ते कळले, फक्त कळव्याच्या यंत्राला नाही. दक्षिणेकडच्या डोंगरावर असेच एक यंत्र आहे, त्याचाही आकडा खाली गेला का, असे मी विचारले. ते म्हणाले, गेला. म्हणजे माझ्या पाच गोवऱ्यांचा धूर तिथवर गेला, असे तर नाही. पण सूर्य खवळला की किरण वाढावेत, कमी कसे होतात, हे साहेबांनी कागदावर काढून दाखवले तरी मला अजून कळलेले नाही. शेवटी त्यांनी विटांवर हात ठेवला आणि म्हणाले, "सहदेवराव, हे यंत्र आंधळं आहे. सोमवारी ट्रक येईल, मोडून नेऊ."

मी म्हटले, बरे. दादा, ते यंत्र तिन्ही दिवस खरे तेच सांगत होते, आणि त्या मुक्यावर मी आळ घेतला. घरी रखमाला सांगितले. ती म्हणाली, "अहो, रोज सकाळी ज्याला पाणी घालता, त्याच्याच वहीत खोटं?" मी म्हटले, साहेबांच्या मते ते किरण सूर्याचे नव्हेत. ती म्हणाली, "खोटं तर तुमचंच ना?"

काल साहेब आल्याबरोबर सगळे सांगून टाकले. ते शिशाच्या विटेवरच खाली बसले. तिथूनच म्हणाले, "ती चिठ्ठी आणा. चिठ्ठी मिळाली तर यंत्र राहील. तुमचं काय करायचं ते मग बघू." ट्रक त्यांनी आठ दिवस थांबवला आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
सहदेव

ता. क. चिठ्ठी पंचांगात नाही. वहिनींचे चूर्ण रखमाने त्याच कागदात बांधले. तरी चूर्ण दुसऱ्या कागदात काढून घ्यावे आणि तो कागद, कितीही पिवळा झालेला असो, न झटकता परतीच्या टपालाने पाठवावा. आकडे मला आठवतात असे वाटते, पण अंदाजाने आकडे लिहिण्याचा मला आता सराव झाला आहे, म्हणून साहेब ते घेत नाहीत.

ता. क. दुसरा. कागद चुलीत गेला असेल तर तसे स्पष्ट लिहावे. मला बरे वाटावे म्हणून तुम्ही आकडे घालून पाठवू नका. आपल्या घराण्यात एक पुरे.

ता. क. तिसरा. हे पत्र टपालपेटीत टाकण्याआधी, साहेबांनी सांगितले नसताना, वहीतल्या त्या तीन आकड्यांवर मी रेघ मारली, आणि समोर लिहिले: "हे मी मनाने लिहिले होते. खरे आकडे गावी, वहिनींच्या चूर्णात." खाली सही केली.